समासातली तीन नावं

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, ग्रंथालयातल्या गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हटलं. गमतीजमती माझ्याकडे आहेत आणि त्या आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते हलकं नाही.

बी.ए.च्या एका मुलाने गोदावरीवर प्रकल्प लिहून आणला होता. हाताने लिहिलेला, अक्षर सुरेख, पानापानाला लाल समास आखलेला. पण प्रत्येक मथळ्यापुढे त्याने चौकोनी कंसात एक शब्द लिहिला होता: संपादन. उगम, संपादन. उपनद्या, संपादन. मी विचारलं, "हे काय रे बाबा?" तो म्हणाला, "मॅडम, नेटवर तसंच हाये. मी एक अक्षर सोडलं न्हाई." खरंच सोडलं नव्हतं, दुरुस्तीसाठी दाबायचं बटणसुद्धा उतरवलं होतं. समारोपाच्या जागी त्याने लिहिलं होतं, 'हा लेख अपूर्ण आहे. तो पूर्ण करण्यास आपण मदत करू शकता.' आणि त्याच्या सरांनी त्या वाक्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली होती.

दुसऱ्या एका मुलीने संदर्भांच्या यादीत लिहिलं, 'सायबर कॅफे, एसटी स्टँडसमोर, दुसरा गाळा.' मला हसू आवरेना. ती गंभीरपणे म्हणाली, "तुमीच म्हणल्त्या ना, माहिती कुठून आणली ते लिव्हा म्हणून. तिथूनच आणली."

मी ग्रंथपाल होते. जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, म्हणजे एक्क्याऐंशी साली, तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. माझं माहेर भोकरदनचं. आमच्याकडे लोकांचा समज असा, की ग्रंथपालाचं काम म्हणजे पंख्याखाली बसणं आणि बोलणाऱ्या पोरांना गप्प करणं. पंखा वर्षातून निम्मा काळ बंद असायचा आणि पोरं कधीच गप्प बसली नाहीत, तरी नोकरी झाली. खरं काम वेगळं होतं. कोणी काहीही माहिती घेऊन आलं, की त्याला एकच प्रश्न विचारायचा: कोण म्हणतं? हे तू लिहिलंस ते कोणाच्या आधारावर? त्याने ते कुठून घेतलं? आणि तो तिथे होता का? संशोधन म्हणजे शेवटी एवढंच असतं, बाकी सगळं बायंडिंग. हा प्रश्न मी इतक्यांदा विचारला, की पोरांनी माझं नावच 'कोण म्हणतं मॅडम' पाडलं. मला ते आवडायचं, कोणाला सांगितलं नाही एवढंच.

आमच्याकडे ज्ञानकोशाचे जाडजूड खंड होते, काचेच्या कपाटात, कुलपात. ते घरी न्यायचे नाहीत, तिथेच बसून वाचायचे. ते वाचायला रोज एक गृहस्थ यायचे. त्यांना आपण सोनवणे गुरुजी म्हणू. घनसावंगीकडे शिक्षक होते, निवृत्त होऊन आमच्या गावात मुलाकडे राहायला आले होते. धोतर, टोपी, खिशाला टोकदार पेन्सिल. मला वाटायचं, काय अभ्यासू माणूस! मग एकदा रंगनाथने, म्हणजे आमच्या शिपायाने, एक खंड माझ्यापुढे उघडून धरला. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चूक. मी स्वतः पाहिले आहे.' पुढच्या पानावर, 'अर्धवट. या देवळाला दोन दारे आहेत.' गुरुजी रोज येऊन ज्ञानकोश तपासत होते. शाळेतल्या वह्या संपल्या, मग त्यांनी हे हाती घेतलं असणार.

मी त्यांना चांगलंच झापलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, चूक हाये ते चूक हाये. छापलं म्हणून काय बराबर झालं का?"

मी म्हटलं, "गुरुजी, मग छापणाऱ्यांना पत्र लिहा. लायब्ररीच्या पुस्तकात लिहायचं नाही."

"लिव्हली की पत्रं. जवाब न्हाई त्यांचा," ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पेन्सिल घेऊन.

आमच्याकडे दर मे महिन्यात, परीक्षा संपल्या की, पुस्तकांची मोजणी असायची. सगळी पुस्तकं खाली काढायची, झटकायची, नोंदीशी ताडून परत लावायची. त्यात मी माझी एक रीत घातली होती. मोजणीला बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक खोडरबर द्यायचं. वर्षभरात वाचकांनी पेन्सिलीने मारलेल्या रेघा, काढलेली बदामं, एकमेकांना दिलेले निरोप, सगळं खोडूनच पुस्तक जागेवर ठेवायचं. पेनाने लिहिलेलं राहायचं, त्याला इलाज नव्हता. रंगनाथ या कामात तरबेज होता. कागद न फाटता तो असं खोडायचा, की कधी काही लिहिलं होतं असं वाटू नये. गुरुजींचं 'मी स्वतः पाहिले आहे' आम्ही दरवर्षी खोडायचो आणि ते पुढच्या वर्षी पुन्हा लिहायचे. दोघांचंही काम चालू राहिलं.

दोन हजारनंतर कॉलेजात इंटरनेट आलं. कॉम्प्युटर तीन-चार होते, पण नेट एकालाच, आणि तो माझ्या टेबलाशेजारी ठेवला, म्हणजे पोरांवर नजर राहील. त्यावर मी पहिल्यांदा तो ज्ञानकोश पाहिला, सगळ्यांनी मिळून लिहायचा. फुकट. कोणीही भर घालावी, कोणीही दुरुस्त करावं, कोणीही काढून टाकावं. मला तर घामच फुटला. इथे 'कोण म्हणतं' विचारायचं कोणाला? गुरुजींना मात्र मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते म्हणाले, "मंग हे तर माझ्यासाठीच काढलंय."

त्यांना टंकलेखन येत नव्हतं. त्यांच्यासाठी टाईप करून देणारी मुलगी म्हणजे छाया. इथून माझी खरी गोष्ट सुरू होते.

छाया एम.ए.ला होती, विषय इतिहास. आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीच्या पुढचं एक गाव, तिथून एसटीने यायची. बौद्ध घरातली, वडील लवकर गेलेले, आई मजुरी करून शिकवत होती. छाया फार बोलायची नाही, पण तिच्या हाताला वेग होता. दुपारी गाडीची वाट पाहताना ती गुरुजींशेजारी बसायची. गुरुजी सांगायचे, ती टाईप करायची, आणि गुरुजींची दोन दारं पडद्यावर उमटायची. गुरुजी टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायचे. इतकी वर्षं आम्ही खोडलेला माणूस तो. मला बघून वाईटही वाटायचं आणि बरंही वाटायचं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहायचा असतो. छायाने विषय घेतला आपल्याच गावचा पाझर तलाव. बहात्तरच्या दुष्काळात तो झाला. माती-मुरूम वाहायला परिसरातल्या बाया होत्या, कामावर सुकडी, म्हणजे दुष्काळातलं सरकारी खाणं, मिळायची. दुपारी सावली कुठेच नाही, म्हणून बाया मुरमाच्या खदानीत, उंच कड्याखाली बसून भाकरी खायच्या. एक दिवस तो कडा कोसळला. त्यात तीन बाया गेल्या. त्यातली एक छायाची मावशी, तिच्या आईची थोरली बहीण, कौसाबाई. थोरलीने धाकटीला पाणी आणायला पिटाळलं होतं, म्हणून धाकटी वाचली. ती धाकटी म्हणजे गयाबाई, छायाची आई.

तलावावर आज नावं कोरलेली फरशी आहे. उद्घाटन कोणी केलं, अध्यक्ष कोण होते, सगळं आहे. या तिघींचं नाव कुठेही नाही. छायाला तेच लिहायचं होतं. "मॅडम, आईनं एकच सांगितलंय," ती मला म्हणाली. "काय लिव्हायचं ते लिव्ह, पर त्यात कौसाचं नाव आलं पायजे."

मी कामाला लागले. मला अशी कामं आवडायची. जालन्याला जाऊन जुनी वर्तमानपत्रं पाहिली. उद्घाटनाची बातमी सापडली, हारतुऱ्यांसकट. अपघाताची नाही. कचेरीत विचारलं तर म्हणाले, तेव्हा ते गाव दुसऱ्या जिल्ह्यात होतं, कागद तिकडे. तिकडे छाया जाऊन आली तर म्हणाले, तुमचा जिल्हा झाला तेव्हाच पाठवले. शिवाय कागद मिळून उपयोग किती झाला असता देव जाणे. गयाबाई सांगायची, हजेरीवर नाव घरच्या पुरुषाचं लागायचं, काम बाई करायची. म्हणजे ज्या मेल्या त्या कागदावर कधी कामाला आल्याच नव्हत्या.

छायाच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं ठरलेलं: "विधानाला छापील आधार हवा. आई म्हणते, हा आधार होत नाही." वाईट माणूस नव्हता. स्वतःच्या पैशाने पोरांना पुस्तकं आणून द्यायचा. पण बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला फार भ्यायचा.

आणि मग एक दिवस तपासायला आलेल्या प्रकरणात मला ती ओळ दिसली. 'या कामावर मुरमाची दरड कोसळून कौसाबाई, पारबता आणि रशिदाबी या तीन महिला मृत्युमुखी पडल्या.' खाली तळटीप, त्या ऑनलाइन ज्ञानकोशातल्या तालुक्याच्या पानाची. सरांनी टीप पाहून मान्य केलं होतं. आई म्हणते ते चालत नव्हतं, नेट म्हणतं ते चाललं.

मी ते पान उघडलं. ओळ होती. प्रत्येक पानामागे त्याचा इतिहास असतो, कोणी कधी काय बदललं त्याचा. तो उघडला. ओळ गेल्या महिन्यात घातलेली.

मी छायाला बोलावलं आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "कोण म्हणतं हे?"

तिने मान खाली घातली नाही. "मीच म्हणते, मॅडम. गुरुजींचं टाईप करून राह्यले होते, तवाच सुचलं. मला आई म्हणती. अन् आई तिथं होती. मंग आधार कुठं खोटा हाये, सांगा."

आधार खोटा नव्हता, फक्त तो आपल्याच भोवती फिरून आला होता. मी तिला म्हटलं, "छाया, टिपेत ते पान देऊ नकोस. सरळ आईचं नाव घाल. गयाबाई, प्रत्यक्ष हजर, मुलाखत. मी सरांशी बोलते." ती बरं म्हणाली. मी सरांशी बोलले. सर म्हणाले, "मॅडम, आता टायपिंग झालंय, आणि नेटचा आधार आजकाल सगळेच देतात. कशाला मोडायचं?" प्रबंध तसाच बांधला गेला.

तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक हुशार होते. त्यांनी तळटिपा वाचल्या. असे परीक्षक क्वचित येतात, आणि एरवी मी त्यांना चहा पाजला असता. ते म्हणाले, हे पान मला दाखवा. नेट माझ्या टेबलाशेजारी, म्हणून सगळे ग्रंथालयात आले. परीक्षक खुर्चीवर, सर मागे उभे, छाया त्यांच्या मागे. त्या दिवशी नेट अगदीच रडत चालत होतं. पान वरून खाली हळूहळू उघडत गेलं. तालुक्याचं क्षेत्रफळ आलं, नद्या आल्या, गावं आली, तलाव आला.

ओळ नव्हती.

परीक्षकांनी पानाचा इतिहास उघडला. ओळ आठवड्यापूर्वी कोणीतरी काढली होती. कारण लिहिलं होतं, 'संदर्भ नाही. सांगोवांगी माहिती.' चर्चेच्या पानावर छायाने लिहिलं होतं, 'माझी आई तिथे होती.' खाली उत्तर होतं, अगदी सभ्य शब्दांत: 'ताई, भावना समजू शकतो. कृपया छापील संदर्भ द्यावा.'

त्या लांबच्या, न पाहिलेल्या माणसावर मला रागवायचं होतं, पण रागावता येईना. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. नोकरीभर दुसरं काय करत होते?

परीक्षक खुर्ची वळवून म्हणाले, "म्हणजे तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच ते पुरावा म्हणून आम्हाला दाखवायचं?"

मीच मध्ये तोंड घातलं. "सर, हिची आई साक्षीदार आहे. आष्टीच्या पुढेच गाव आहे. उद्या बोलावते. तुम्ही स्वतः विचारा."

"मॅडम, माझी संध्याकाळची गाडी आहे," ते म्हणाले. "आणि मुलाखत अशी होत नाही. ध्वनिमुद्रण लागतं, सही लागते. तुम्ही ग्रंथपाल, तुम्हाला मी काय सांगायचं? प्रबंधातलं ते पान काढून टाका. बाकी काम चांगलं आहे, मी पास करतो."

सर छायाच्या कानाशी म्हणाले, "हो म्हण बाई. नोकरीचं बघ."

जालन्याच्या एका शाळेत तिच्यासाठी जागा होती, निकाल हातात असला तर. घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं. ती म्हणाली, "बरं सर." दोनच शब्द. ग्रंथालयातून बाहेर पडताना तिने त्या कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही. पान काढलं, मागचे परिच्छेद जुळवून घेतले आणि प्रबंध पुन्हा बांधला. एक प्रत रीतीप्रमाणे माझ्याकडे आली. मी तिच्यावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि कपाटात लावली.

काही महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, ग्रंथालयाच्या दारात एक बाई चपला काढून उभी राहिली. इस्त्रीची साडी, हातात पिशवी. रंगनाथ म्हणाला, "या की आत, मावशी." ती आत आली, कपाटांकडे पाहत म्हणाली, "माझ्या पोरीचं बुक हितं हाये म्हंत्यात. छायाचं. मी तिची आई."

मी उठले. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. प्रबंध काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिने आधी हात पदराला पुसले, मग वरचं कव्हर कुरवाळलं, मग सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे छायाचं नाव का?" मी हो म्हटलं. मग तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "आता कौसाचं दाखवा. कुठंशी हाये?"

छायाने तिला सांगितलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं, की ते आता मला सांगावं लागणार. कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं, तिला वाचता येत नव्हतं. पण तिने मला विचारलं होतं, आणि अमुक गोष्ट पुस्तकात कुठे आहे हे खरं खरं सांगायचा तर मी पगार घेत होते. मी म्हटलं, "गयाबाई, ते नाव यात नाही. होतं. परीक्षा घेणाऱ्यांनी काढायला लावलं."

"का बरं?"

"छापलेला आधार नव्हता म्हणून."

तिने दोन्ही हात पुढे धरले. म्हणाली, "मी होते की तिथं. माती मी उकरली ह्या हातांनी. पाण्याची घागर घेऊन आल्ते मी, अन् बघते तर कडाच न्हाई. रशिदाबीचं लेकरू तेवढं झोळीत होतं झाडाला, ते रडून राह्यलं होतं. तेच पैल्यांदा घेतलं मी. मंग उकरलं. पारबता तर घनसावंगीकडून आल्ती, कोणत्या गावची तेबी कोणाला बराबर ठावं न्हाई. तिला न्यायला कोणी आलंच न्हाई, बाई. आमीच माती दिली." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यापाशी पेन न्हाई का?"

"आहे."

"मंग तुमी लिव्हा की."

मी म्हटलं, "लायब्ररीच्या पुस्तकात लिहायचं नसतं."

"हे माझ्या पोरीचं बुक," ती म्हणाली, "अन् नाव माझ्या बहिणीचं. लिव्हा."

मी लिहिलं. तलावाचं वर्णन आहे त्या पानावर, समासात, तिने सांगितलं त्या क्रमाने: कौसाबाई, पारबता, रशिदाबी. खाली लिहिलं, 'सांगणार गयाबाई, कौसाबाईची बहीण. तिने स्वतः पाहिले आहे.' हे शेवटचं लिहिताना मला सोनवणे गुरुजी आठवले. आदल्या हिवाळ्यात ते गेले होते. असते तर त्यांनी मला चांगलंच चिडवलं असतं.

गयाबाईने ते पान डोळ्यांजवळ धरलं. "ह्यातलं कौसा कोणतं?" मी दाखवलं. तिने त्यावर बोट टेकवलं आणि तशीच बसून राहिली. एसटीची वेळ झाली तेव्हा रंगनाथने आठवण केली, मग उठली.

टेबलावर पेन होतं, टोपण काढलेलं. तरी ती नावं लिहिताना मी पेन्सिल घेतली होती. पुस्तकावर पेन चालवायचं नाही, क्रमांकसुद्धा पेन्सिलीने घालायचा, हे माझ्या हाताला इतकं लागलेलं, की हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. आणि पेन्सिल मी नेहमी हलकी धरते.

त्यानंतर लवकरच मी निवृत्त झाले. निरोपाला शाल मिळाली, भाषणं झाली, सगळ्यांनी 'कोण म्हणतं' म्हणून हसून घेतलं.

गेल्या वर्षी छायाचा फोन आला. "मॅडम, आई गेली." मग म्हणाली, "रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय गावात. तुम्ही लिव्हलेल्या त्या पानाची झेरॉक्स मिळंल का? आई सगळ्यांना सांगायची, कौसाचं नाव मॅडमनं बुकात लिव्हलंय म्हणून. मला ते वाचून दाखवायचंय लोकांना."

मी दुसऱ्याच दिवशी कॉलेजात गेले. नवीन ग्रंथपाल तरुण, अदबीचे. म्हणाले, "मॅडम, बरं झालं आलात. सगळे जुने प्रबंध आता कॉम्प्युटरवर घेतलेत, स्कॅन करून." त्यांनी छायाचा प्रबंध पडद्यावर उघडून दाखवला. तलावाचं पान आलं. समास पांढरा स्वच्छ.

मी म्हटलं, मला मूळ प्रत द्या. प्रत आली. तिचाही समास कोरा. मी पान खिडकीशी नेलं, उजेडात तिरपं धरलं. कागदावर साधी वळसुद्धा उठली नव्हती.

रंगनाथ तिथेच होता, आता त्याचंही वर्ष-दीड वर्ष उरलं असेल. मला बघून खूश झाला. म्हणाला, "मॅडम, स्कॅनच्या आधी एकेक बुक मी हातानं साफ केलं बघा. तुमचाच नियम. दुसऱ्या कोणाला हात लावू देला न्हाई."

मी ते पान त्याच्यापुढे धरलं. "यात काही लिहिलेलं होतं का, रंगनाथ?"

त्याने आठवून पाहिलं. "आसंल. मला वाटलं गुरुजींची पेन्सिल." मग माझ्या तोंडाकडे पाहून तो घाबरला. "काय कामाचं होतं का, मॅडम?"

मी नाही म्हणाले. काय सांगणार होते त्याला? त्याला ते काम मीच शिकवलं होतं, आणि ते त्याने माझ्याइतकंच मन लावून केलं होतं. परत येताना जीपमध्ये शेजारची बाई विचारत होती, काय झालं ताई, कोणी गेलं का? मी म्हटलं, हो.

छायाला फोनवर खरं ते सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता आईबी न्हाई. मंग आता कोण म्हणणार, मॅडम?"

रविवारी मी तिच्या गावी गेले. वंदना झाली, लोक दोन शब्द बोलले, मग छायाने मला उभं केलं. मी तिघींची नावं तोंडाने सांगितली. लोकांनी ऐकून घेतलं, मागच्या बाजूला दोन म्हाताऱ्या बाया मान हलवत होत्या. पण तोंडाने सांगितलेलं तिथेच राहतं, हे मला कोणी सांगायला नको. छाया म्हणते, त्या ज्ञानकोशात पानाच्या इतिहासामागे जुनी ओळ अजून पडून असेल. असेल. तिथे जाऊन कोण बघतं?

म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. गमतीजमतींसाठी नव्हे. दिवाळी अंक छापला जातो. त्याला पानांचे आकडे असतात, मुद्रकाचं नाव असतं, त्याच्या प्रती ग्रंथालयात जातात, आणि कोणी विचारलं तर तळटिपेत त्याचा हवाला देता येतो. कोणाला द्यावासा वाटला तर द्यावा. नेटवरची ओळ काढणाऱ्या त्या सभ्य गृहस्थांनाही माझी ना नाही.

तेव्हा पेन्सिल बाजूला ठेवून लिहिते. आष्टीच्या पुढच्या त्या गावातला पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळात झाला. कामावर दुपारी मुरमाचा कडा कोसळला, त्यात तीन बाया गेल्या. कौसाबाई. पारबता, जिचं गाव आता कोणालाच सांगता येणार नाही. आणि रशिदाबी, जिचं लेकरू झाडाच्या झोळीत होतं आणि वाचलं. तो आता चांगला बाप्या झाला असेल, कुठे असेल ते असो. त्याच्या वाचण्यात हे यावं, नाहीतर कोणीतरी त्याला वाचून दाखवावं.

कोण म्हणतं?

गयाबाई म्हणते. ती तिथे होती.